फायरवॉलची साक्ष किती खरी?

संगणक शिकवताना ‘फायरवॉल’ हा शब्द आला, की आपण बहुतेक सारे फळ्यावर एक भिंत काढतो. भिंतीच्या आत शाळेचे संगणक, बाहेर चोर-दरोडेखोर आणि मध्ये एक दरवाजा. अमरावतीच्या शिक्षकाला तर कल्पनाही करावी लागत नाही. मुलांना घेऊन जवाहर गेटपाशी उभे राहिले की झाले. पेंढाऱ्यांच्या धाकामुळे १८०७ साली निजामाच्या राजवटीत या शहराभोवती परकोट बांधायला सुरुवात झाली. सव्वादोन मैलांचा घेर, वीस ते सव्वीस फूट उंची, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. व्यापारी आत, पेंढारी बाहेर. फायरवॉल म्हणजे हेच, असे सांगून आपण पुढच्या धड्याकडे वळतो.

हे चित्र अगदीच चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. फायरवॉल हा शब्दच मुळी बांधकामातून आला. कापसाच्या गाठी ठेवलेल्या गोदामात एका भागातली आग दुसऱ्या भागात जाऊ नये म्हणून मध्ये जी जाड भिंत घालतात, ती फायरवॉल. संगणकाच्या जाळ्यात हा शब्द रुळला तो १९८० च्या दशकाच्या अखेरीस. २ नोव्हेंबर १९८८ रोजी एका विद्यार्थ्याने सोडलेल्या ‘किड्या’ने अमेरिकेतील हजारो संगणक ठप्प केले आणि आत-बाहेर यांच्यामध्ये पहारा हवा ही गोष्ट सर्वांना पटली.

माझी तक्रार वेगळी आहे. गेल्या काही वर्षांत महाविद्यालयांतल्या फायरवॉलला एक नवे काम जोडले गेले आहे. कोणता संगणक बाहेर जातो आहे एवढेच न पाहता, कोणता माणूस जातो आहे हेही तिने सांगायचे. त्यासाठी ‘सिंगल साइन-ऑन’ नावाची सोय बसवतात. सकाळी एकदा नाव आणि पासवर्ड दिला, की दिवसभर पुन्हा विचारणा नाही. सोय खरोखर चांगली आहे. पण भिंतीच्या चित्रात ती बसत नाही. त्यामुळे ती नेमकी काय जाणते आणि काय जाणत नाही, हे ना विद्यार्थ्यांना कळते, ना प्राचार्यांना. मग एक दिवस यंत्राने छापलेल्या यादीवरून एखाद्या मुलीवर आरोप ठेवला जातो. असा प्रसंग मी जवळून पाहिला आहे. तो पुढे सांगतो. आधी यंत्रणा समजून घेऊ.

चिठ्ठीचा व्यवहार

संगणकावर पासवर्डची प्रथा सुरू झाली ती १९६० च्या दशकाच्या आरंभी, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत, म्हणजे एमआयटीत. एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरायचा, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड. आणि १९६२ मध्ये तिथल्याच एका संशोधक विद्यार्थ्याने सगळ्या पासवर्डांची फाइल छापून घेतली, कारण त्याला ठरवून दिलेला संगणकाचा वेळ पुरत नव्हता! पासवर्डच्या जन्माबरोबरच त्याची चोरीही जन्माला आली, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे एका मोठ्या संगणकाच्या जागी शेकडो छोटे संगणक आले. प्रत्येक ठिकाणी पासवर्ड पाठवायचा म्हणजे वाटेत तो कोणीतरी ऐकण्याची भीती. यावर एमआयटीनेच १९८३ साली सुरू केलेल्या ‘अथेना’ प्रकल्पात उपाय निघाला. (त्याच वर्षी १ मे रोजी आपले अमरावती विद्यापीठ स्थापन झाले.) या उपायाचे नाव कर्बेरॉस. ग्रीक पुराणात पाताळाच्या दारावर बसलेला तीन डोक्यांचा कुत्रा आहे, त्याच्यावरून ते ठेवले. १९८९ मध्ये त्याची चौथी आवृत्ती सर्वांना खुली झाली, १९९३ मध्ये पाचवी आली, आणि ‘विंडोज २०००’ पासून ती कार्यालयांतल्या संगणकांत घरोघरच्या चुलीसारखी होऊन बसली.

तिचे तत्त्व बाजार समितीच्या उदाहरणाने समजेल. समजा, अकोल्याच्या बाजारात तुरीची गाडी घेऊन एक शेतकरी आला. फाटकावर त्याने आपली ओळख पटवली आणि तारीख-वेळ घातलेली, शिक्क्याची एक चिठ्ठी घेतली. आता अडत्याकडे, काट्यावर, हिशेबाच्या खिडकीवर त्याने फक्त ती चिठ्ठी दाखवायची. प्रत्येक ठिकाणी सातबारा काढायला नको. काट्यावरचा माणूस शेतकऱ्याला ओळखत नाही, पण फाटकावरच्या शिक्क्याला ओळखतो. आणि चिठ्ठी आजच्यापुरती. उद्या ती दाखवली तर चालणार नाही.

कर्बेरॉसमध्ये नेमके हेच घडते. विंडोजच्या नेहमीच्या रचनेत चिठ्ठीची मुदत १० तास असते. वेळ महत्त्वाची असल्याने दोन संगणकांच्या घड्याळांत ५ मिनिटांपेक्षा अधिक फरक पडला, तर चिठ्ठी नाकारली जाते. आपल्याकडे वीज जाते, संगणक जुने असतात, आतली बारकी बॅटरी संपलेली असते आणि घड्याळ कुठल्या कुठे गेलेले असते. ‘पासवर्ड बरोबर आहे, तरी घेत नाही’ ही प्रयोगशाळेतली नेहमीची रड असते, तिचे एक कारण हे. तेव्हा पासवर्ड बदलण्याआधी घड्याळ पाहावे.

खबऱ्या

आता मुख्य मुद्दा. फायरवॉल स्वतः या चिठ्ठीच्या व्यवहारात बहुधा सामील नसते. तिच्याकडे येतात ती डेटाची पाकिटे. त्यांवर संगणकाचा पत्ता, म्हणजे आयपी क्रमांक असतो, माणसाचे नाव नसते. मग नाव कळते कसे? मध्यवर्ती सर्व्हरवर एक छोटासा प्रोग्रॅम बसवलेला असतो. त्याला आपण ‘खबऱ्या’ म्हणू. सर्व्हरच्या नोंदवहीत ‘अमुक नावाने अमुक संगणकावरून प्रवेश केला’ अशी नोंद झाली, की खबऱ्या ती वाचतो आणि फायरवॉलला कळवतो: ‘या पत्त्यावर सध्या ही व्यक्ती आहे.’ फायरवॉल ही जोडी आपल्या तक्त्यात मांडते. त्यानंतर त्या पत्त्यावरून जे जे बाहेर जाईल, ते ते त्या व्यक्तीच्या नावावर जमा.

म्हणजे फायरवॉलने माणूस ओळखलेला नसतो. तिने ऐकीव माहिती लिहून ठेवलेली असते. दरवानाने चेहरा पाहिला नाही; कोणीतरी सांगितले की निळ्या गाडीत पाटील आहेत, आणि तेव्हापासून निळी गाडी गेली की तो ‘पाटील गेले’ असे लिहितो.

येण्याची नोंद होते, पण जाण्याची? इथे ही रचना लंगडी पडते. माणसाने रीतसर ‘लॉग ऑफ’ केले तरी त्याची खात्रीची नोंद मध्यवर्ती सर्व्हरवर होतेच असे नाही. म्हणून दोन उपाय योजतात. एक, खबऱ्याने अधूनमधून त्या संगणकाला विचारायचे, ‘अजून तीच व्यक्ती आहे ना?’ दोन, ठराविक मुदतीनंतर नोंद पुसून टाकायची. प्रचलित रचनांमध्ये ही मुदत कुठे ४५ मिनिटे, तर कुठे ८ तास अशी आधीच ठरवून दिलेली असते. आणि विचारणा करूनही संगणकाने उत्तर दिले नाही तर? काही रचनांत मुदत संपेपर्यंत जुनेच नाव कायम ठेवले जाते.

एक प्रसंग

काही वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्याच एका महाविद्यालयाच्या चौकशी समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून मला बोलावले होते. माझा विषय वनस्पतिशास्त्राचा, पण प्रयोगशाळेत संगणकाशी रोजचा संबंध, म्हणून हे निमंत्रण. संस्थेतल्या एका व्यक्तीबद्दल घाणेरडा मजकूर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून बाहेर गेला होता. वेळ दुपारी ३ वाजून ४० मिनिटे. फायरवॉलच्या यादीत त्या वेळेसमोर दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीचे नाव होते. मुलगी म्हणत होती, की मी तेव्हा गावाकडच्या एसटीत होते. समितीपुढे ठेवलेल्या कागदावर मात्र तिचे नाव स्वच्छ छापलेले होते. ‘यंत्र कशाला खोटे बोलेल?’ असे एक सदस्य म्हणाले. तिच्या वडिलांना त्याआधीच बोलावणे गेले होते. वावरातले काम टाकून आलेला तो माणूस बाहेरच्या बाकावर बसून होता.

मी प्रयोगशाळेच्या शिपायाला विचारले, की मुले संगणक बंद करून जातात का? तो म्हणाला, “सायेब, लाइन गेली का सारेच उठून चालले जातेत. बंद कोन करते मंग?”

तिथे धागा सापडला. त्या संगणकाची स्वतःची नोंदवही उघडली. मुलीने १ वाजून १० मिनिटांनी आपल्या नावाने प्रवेश केला होता. अडीचच्या सुमारास वीज गेली. यूपीएस केव्हाचा निकामी झालेला होता. संगणक अचानक बंद पडल्याची नोंद, तो पुन्हा सुरू झाला तेव्हाची, २ वाजून ५५ मिनिटांची होती. या वेळी कोणीतरी मध्यवर्ती सर्व्हरकडे न जाता, त्या संगणकावरच असलेल्या सामायिक खात्याने आत आले होते. त्या खात्याचा पासवर्ड वर्गातल्या प्रत्येकाला पाठ होता. मध्यवर्ती सर्व्हरवर नोंद झाली नाही, म्हणून खबऱ्याला काही कळले नाही. संगणकाला आयपी क्रमांक पूर्वीचाच मिळाला, कारण वाटप करणारी यंत्रणा त्याच यंत्राला बहुधा तोच क्रमांक पुन्हा देते. फायरवॉलच्या तक्त्यात मुलीचे नाव होतेच आणि आठ तासांची मुदत संपायला बराच अवकाश होता.

यंत्र खोटे बोलले नव्हते. त्याला जे सांगितले गेले होते, तेच ते सांगत होते. ‘३ वाजून ४० मिनिटांनी अमुक मुलीने मजकूर पाठवला’ हे त्याचे विधान नव्हते. त्याचे खरे विधान असे होते: ‘ज्या पत्त्यावर १ वाजून १० मिनिटांनी अमुक मुलगी असल्याचे मला कळवले होते, त्या पत्त्यावरून ३ वाजून ४० मिनिटांनी मजकूर गेला.’ या दोन वाक्यांमधले अंतर कोणी पाहिले नव्हते. छापील यादीत ते दिसतही नाही.

मुलगी निर्दोष ठरली. मजकूर कोणी पाठवला ते कळले नाही. त्या मुलीने पुढच्या सत्रात संगणकाचा ऐच्छिक विषय सोडल्याचे मला नंतर समजले. मला वाटते, की या यंत्रणेच्या खर्चाच्या तपशिलात हीही रक्कम धरायला हवी होती.

सवयी कोण लावतो?

दुसरा आक्षेप. विद्यार्थ्यांचे मोबाइल, पाहुण्यांचे लॅपटॉप, लिनक्सवर चालणारे संगणक हे बहुधा मध्यवर्ती सर्व्हरशी जोडलेले नसतात. त्यांच्यासाठी फायरवॉल एक पान समोर आणते: नाव-पासवर्ड लिहा. अनेक ठिकाणी हे पान रीतसर प्रमाणपत्राशिवाय बसवलेले असते. त्यामुळे ब्राउझर लाल अक्षरांत इशारा देतो, की हे ठिकाण विश्वासार्ह नाही. मग सूचना फलकावर कागद लागतो: ‘इशारा आल्यास पुढे जा हे बटण दाबावे.’ एका बाजूला सायबर सुरक्षेवर व्याख्यान ठेवायचे आणि दुसऱ्या बाजूला रोज सकाळी शेकडो मुलांना इशारा डावलण्याचा सराव द्यायचा, हा विनोद नव्हे काय? उद्या बँकेच्या नावाने बनावट पान आले, तर तीच बोटे त्याच सवयीने तेच बटण दाबतील.

तिसरा आक्षेप किल्लीविषयी. एका पासवर्डने सगळी दारे उघडत असतील, तर तो एक चोरीला गेल्यावरही सगळीच दारे उघडतात. शाळांकडे पाहिले तर काळजी वाढते. यू-डायस क्रमांक ११ अंकी असतो. २७ म्हणजे महाराष्ट्र, पुढे ०५ असेल तर अकोला, ०७ असेल तर अमरावती, मग तालुका, गाव आणि शाळा. ही ओळख झाली. ती सर्वांना माहीत असते आणि असावीच. पण पासवर्डही त्याच क्रमांकावरून बेतायचा, तो कार्यालयाच्या भिंतीवर चिकटवायचा आणि ऑनलाइन माहिती भरायला येणाऱ्या मुलाला फोनवरून सांगायचा, ही रीत बऱ्याच ठिकाणी आहे. ओळख आणि ओळखीचा पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण मुलांना सांगतो का? मुळात आपण ते पाळतो का? शिक्षकांवर माहिती भरण्याचे ओझे आहे, पोर्टले भाराभर आहेत, हे सारे मान्य. पण दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क कलमाखाली गुन्हा आहे, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वाटून वापरलेल्या पासवर्डखाली झालेल्या कृत्याचा जाब प्रथम ज्याचे नाव आहे त्यालाच विचारला जातो.

दुसरी बाजू

टीका करताना न्यायही करायला हवा. सिंगल साइन-ऑन नसते तर लोक दहा पासवर्ड ठेवतील, आणि दहाही वहीच्या मागच्या पानावर लिहितील. संशोधकाला तर या सोयीचा मोठाच लाभ आहे. १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजनेत देशातील सुमारे ६,३०० संस्थांना ३० प्रकाशकांची जवळजवळ १३,००० नियतकालिके खुली झाली. संस्थेच्या आवारात आयपी क्रमांकावरून प्रवेश मिळतो. पण रात्री घरी बसून वाचायचे असेल, तर आवाराचा आयपी कुठून आणणार? गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचा ‘इन्फेड’ हा संघ याच अडचणीवर उपाय आहे. वाचकाची ओळख त्याची स्वतःची संस्था पटवते आणि प्रकाशकाला फक्त ‘हा आमचा’ एवढे कळवते. इथे पासवर्ड प्रकाशकाकडे जात नाही, आणि साक्ष देणारी यंत्रणा प्रत्यक्ष ओळख पटवूनच साक्ष देते. तत्त्व तेच, पण खबऱ्याऐवजी शिक्का. दोष एकाच किल्लीच्या कल्पनेत नाही, तर ऐकीव माहितीला पुरावा मानण्यात आहे.

गाविलगडाचा धडा

भिंतीच्या चित्राकडे परत येऊ. अमरावती जिल्ह्यातच, चिखलदऱ्याजवळ, गाविलगड आहे. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या सैन्याने त्याला वेढा घातला. तोफांनी बाहेरच्या किल्ल्याच्या तटाला खिंडार पाडले, पण आतला किल्ला शाबूत होता. त्याचे दरवाजे फोडणे जमेना. १५ डिसेंबरला कॅप्टन कॅम्पबेल नावाचा अधिकारी काही शिपायांसह शिडी लावून आतल्या तटावरून चढला आणि त्याने दरवाजा आतून उघडला. तो मजबूत दरवाजा बाहेरून फुटलाच नाही, तरी गड पडला.

एकदा आत आलेला तो आपलाच, असे धरून चालणाऱ्या प्रत्येक रचनेची हीच गत होते. म्हणूनच २०१० नंतर ‘शून्य विश्वास’ ही कल्पना पुढे आली आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने तिच्यावर स्वतंत्र पुस्तिका काढली. तिचे सार असे, की आत असणे हा विश्वासाचा आधार नव्हे. प्रत्येक दाराशी, प्रत्येक वेळी, कामापुरतीच परवानगी.

आपल्या महाविद्यालयांना लगेच एवढे सारे जमणार नाही. पण काही गोष्टी कमी खर्चात होतील. नोंदीची मुदत आठ तासांवरून तासिकेच्या जवळपास आणावी. प्रयोगशाळेतली सामायिक खाती बंद करावीत. प्रवेशाच्या पानाला रीतसर प्रमाणपत्र घ्यावे. महत्त्वाच्या खात्यांना पासवर्डबरोबर मोबाइलवरचा दुसरा पुरावा जोडावा. सर्व यंत्रांची घड्याळे एकाच वेळेला लावावीत. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांत तेही सांगितले आहे आणि नोंदी १८० दिवस जपण्याचेही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, फायरवॉलच्या एकट्या यादीवरून कोणावरही ठपका ठेवू नये. त्या संगणकाची नोंदवही, हजेरीपट आणि वीज गेल्याची वेळ हे सारे शेजारी ठेवून पाहावे.

वर्गात करून पाहा

हे मुलांना कसे सांगावे? एक खेळ सुचवतो. पाच बाकांना १ ते ५ क्रमांक द्या, ते संगणक. एक मुलगा दाराशी खबऱ्या; येणारा कोणत्या बाकावर जातो ते तो चिठ्ठीवर लिहितो. दुसरी मुलगी फळ्याकडे तोंड करून बसेल, ती फायरवॉल. तिने मागे वळून पाहायचे नाही. चिठ्ठी आली की ती फळ्यावर बाक आणि नाव लिहिते. बाकावर बसलेल्याने मधूनमधून फक्त बाकाचा क्रमांक पुकारायचा (आवाजावरून नाव ओळखू येईल, म्हणून टाळ्या वाजवल्या तरी चालतील), आणि फायरवॉलने त्यापुढे तक्त्यातले नाव मोठ्याने वाचायचे. पाच मिनिटांनी बसलेल्यांपैकी दोघांना खबऱ्याला न सांगता गुपचूप जागा बदलायला सांगा. मग बघा, फायरवॉल किती आत्मविश्वासाने चुकीची नावे वाचते! दर दोन मिनिटांनी फळा पुसून नव्या चिठ्ठ्या मागवल्या, तर चुका किती कमी होतात आणि खबऱ्याचे काम किती वाढते, तेही मोजा. सुरक्षितता आणि सोय यांची ओढाताण मुलांना हातांनी कळेल.

शेवटी मुलांना एवढेच विचारा: फायरवॉल खोटे बोलली का? उत्तर सहज येणार नाही. येऊ द्या हळूहळू. उपकरणाने काय मोजले आणि आपण त्यातून काय निष्कर्ष काढला, यातला फरक ओळखणे हाच विज्ञानाचा पहिला पाठ आहे. तो भौतिकशास्त्राच्या तासाला जितका लागतो, तितकाच चौकशी समितीच्या खोलीतही लागतो.